खोकला नाही, श्वास बघा

प्रश्न : आमच्याकडे एकामागोमाग सगळ्यांना सर्दी झाली. नवऱ्याला तर असला खोकला की रात्री कोणाला झोप नाही, पण डॉक्टर म्हणाले साधं व्हायरल आहे, होईल बरं, आणि झालंही. मुलगी सात महिन्यांची, तिला खोकला असा नव्हताच, मधूनच ठसका, ताप पण किरकोळ, फक्त दूध अर्धवट सोडत होती. सहज दाखवायला नेलं तर थेट ॲडमिट, ब्राँकिओलायटिस म्हणे. आता बरी आहे ती, पण एवढा खोकणारा माणूस घरात आणि न खोकणारी हॉस्पिटलात, हे काय गणित आहे? आणि पुढच्या वेळी ओळखायचं कशावरून?
– एक आई

उत्तर : ताई, दोघांचा व्हायरस एकच असू शकतो बरं का. आरएसव्ही नावाचा व्हायरस आहे, दोन वर्षांची होईपर्यंत जवळपास सगळ्या मुलांना तो एकदा तरी होऊन जातो. मोठ्यांमध्ये तो बहुतेकदा सर्दी-खोकल्यावर भागतो, तान्ह्या बाळात मात्र फुप्फुसातल्या अगदी बारीक नळ्यांपर्यंत उतरू शकतो, तिथली सूज म्हणजेच ब्राँकिओलायटिस. त्या नळ्या मुळातच अरुंद, त्यात सूज आणि चिकट कफ, आणि नळीची रुंदी निम्मी झाली की हवेला होणारा अडथळा दुप्पट नाही, साधारण १६ पट होतो. तेवढीच सूज तुमच्या नवऱ्याच्या नळीत आली तर त्याला कळणारही नाही.

दुसरं म्हणजे मोठा माणूस सांगतो. छातीत दुखतंय, जिना चढताना दम लागतोय, कफ पिवळा पडतोय. बाळ काहीच सांगत नाही, जोर लावून खोकून कफ बाहेर काढणंही त्याला जमत नाही, आला तर गिळतं नाहीतर उलटीतून काढतं. अगदी लहान, दोन-तीन महिन्यांच्या बाळात तर कधीकधी खोकला जवळपास नसतोच, मध्येच श्वास थांबतो एवढंच दिसतं. म्हणून खोकला किती, यावरून लहान मुलाचा आजार मोजू नका.

मग बघायचं काय, तर श्वास आणि दूध. बाळ शांत किंवा झोपलेलं असताना अंगातलं वर करा, छाती-पोट उघडं दिसू दे, मोबाईलवर टायमर लावा आणि पूर्ण एक मिनिट मोजा, पंधरा सेकंद मोजून गुणिले चार करू नका कारण तान्ही बाळं मध्येच थोडं थांबून मग भराभर श्वास घेतात आणि आकडा चुकतो. पोट वर-खाली झालं की एक. दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त, हा जोराचा श्वास समजायचा. मोठ्या माणसाचा बसल्या जागी १२ ते २० असतो, त्यामुळे स्वतःच्या श्वासाशी तुलना केलीत तर प्रत्येकच बाळ आजारी वाटेल! तापात आणि रडताना आकडा वाढतो, तेव्हा शांत झाल्यावर पुन्हा मोजा.

मोजतानाच बरगड्यांच्या खाली नजर ठेवा. बाळाचं पोट श्वासाबरोबर हलतंच, ते नॉर्मल आहे. पण श्वास आत घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, नाकपुड्या फुलत असतील, प्रत्येक श्वासाला कण्हल्यासारखा आवाज येत असेल किंवा मान डुलत असेल तर आकडा कितीही असो, लगेच निघा. ओठ निळे-करडे पडले, श्वास मध्येच थांबला किंवा बाळ उठवूनही नीट उठत नसेल तर ॲम्ब्युलन्सच. आणि एक फसवी गोष्ट, आधी भराभर चाललेला श्वास हळू झाला पण बाळ गळून गेलंय, तर ते बरं होत नाहीये, थकलंय.

दुधाचं म्हणाल तर तान्हं बाळ मुख्यतः नाकाने श्वास घेतं, त्यामुळे दम लागला की दूध ओढणं आणि श्वास घेणं दोन्ही एकदम जमत नाही, दोन घोट घेऊन सोडतं. नेहमीच्या निम्म्यापेक्षा कमी पीत असेल, लंगोट कमी ओले होत असतील तर थांबू नका. ब्राँकिओलायटिस साधारण तिसऱ्या ते पाचव्या दिवशी सगळ्यात जास्त असतो, त्यामुळे पहिल्या दिवशी डॉक्टर 'ठीक आहे' म्हणाले तरी पुढे लक्ष ठेवायचं. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप आला तर बाकी काही नसलं तरी त्याच दिवशी दाखवा.

नुसती नाकातली घरघर मात्र रात्री फार मोठी ऐकू येते आणि घरच्यांना वाटतं छातीच भरली. सलाइनचे थेंब घालून नाक मोकळं केल्यावर आवाज गेला आणि बाळ नीट प्यायलं, तर बहुतेक नाकच होतं.

प्रश्न : चार वर्षांच्या मुलाचं पोट दुखत होतं आणि ताप होता, निघाला न्यूमोनिया. असं असतं का?

उत्तर : असतं, आणि भल्याभल्यांना चकवतं. फुप्फुसाचा खालचा भाग सुजला की मुलाला ते दुखणं पोटात जाणवतं, शिवाय या वयात मुलं दुखतं तिथे नाही, पोटावरच हात ठेवतात. ताप, पोटदुखी आणि जोडीला भराभर श्वास असेल तर डॉक्टरांना तिन्ही सांगा, नुसतं पोट सांगू नका.

प्रश्न : मोठ्यांचं कफ सिरप थोडं कमी करून मुलाला चालेल का? मध?

उत्तर : सिरप नाही, कमी करूनही नाही. मध एक वर्षानंतर चमचाभर चालेल, त्याआधी अजिबात नाही, बोटुलिझम या गंभीर विषबाधेचा धोका असतो.