जळगावच्या उन्हाळ्यात रोज १०,००० पावलं चालण्याचा नेम टिकेल का?

बहुतेकांचा टिकत नाही. त्यापेक्षा आठवड्यातले पाच दिवस ३० मिनिटं भरभर चालायचं ठरवा. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, तो यात बसतो. १०,००० हा आकडा मुळात १९६५ च्या सुमारास जपानमधल्या पावलं मोजायच्या यंत्राच्या जाहिरातीतून आला! मे महिन्यात पहाटे साडेपाचलाच मेहरूण तलाव गाठा, नऊनंतर आपलं ऊन चालू देत नाही. शेवभाजी सोडायचा नेम मात्र त्याच आठवड्यात करू नका, दोन्ही मोडतात. लंडनमधल्या एका अभ्यासात सवय लागायला सरासरी ६६ दिवस लागले, कुणाला १८, तर कुणाला त्याहून कितीतरी जास्त. हृदयविकार किंवा मधुमेहाची औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा.