रिबेसनंतर प्रत्येक कमिट दोनदा का दिसतो?

आपण विचारले आहे की, स्वतःच्या ब्रँचवरील (कामाच्या स्वतंत्र शाखेवरील) तीन कमिट (बदलांच्या नोंदी) रिबेस करून, म्हणजे नव्या पायावर पुन्हा रचून, नीट लावल्यावर गिटने (कोडच्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनाने) ‘आपली ब्रँच रिमोटपासून वेगळी झाली आहे’ (रिमोट म्हणजे सर्व्हरवरील प्रत) असे सांगून पुल (तेथील बदल आणून आपल्यात मिसळणे) सुचविले, आपण मर्ज पद्धतीने, म्हणजे दोन्ही इतिहास एकत्र जोडून, पुल केले, आणि आता प्रत्येक कमिट दोनदा दिसतो. चूक नेमकी कोठे झाली? माझ्या मते आपली चूक किरकोळ आहे. गिटने दिलेला सल्लाच त्या प्रसंगी चुकीचा होता.

कमिटचा हॅश, म्हणजे त्याची ओळख पटविणारा क्रमांक, हा फायलींची स्थिती, संदेश, लेखक, वेळ आणि मागील कमिटचा हॅश या सर्वांवरून ठरतो. त्यामुळे पाया बदलला की वरचा प्रत्येक कमिट नवा होतो. जुने तीन कमिट रिमोटवर तसेच राहतात आणि ‘हा नवा कमिट त्या जुन्याच्या जागी आला आहे’ ही नोंद गिट ठेवतच नाही. साहजिकच त्याला दोन्ही संच परस्परांशी असंबद्ध वाटतात आणि तो ते जोडावयास सांगतो. मर्क्युरियल या गिटसारख्याच साधनाने २०१२ मध्ये ‘फेज’ आणून सर्वांपर्यंत पोहोचलेला आणि अजून आपल्याजवळच असलेला कमिट यांत फरक केला. गिटमध्ये ते भान वापरणाऱ्यानेच ठेवायचे असते.

दुरुस्ती अवघड नाही. रेफलॉगमध्ये (ब्रँच कधी कोठे होती याच्या गिटने ठेवलेल्या नोंदवहीत) पुल होण्यापूर्वीची नोंद शोधा, न नोंदविलेले बदल आधी बाजूला ठेवा, त्या नोंदीवर हार्ड रीसेट करा (ब्रँच आणि फायली त्या स्थितीला परत न्या) आणि ब्रँच आपल्या एकट्याची असेल तर ‘फोर्स-विथ-लीज’ (रिमोटवर आपण न पाहिलेले काही आले नसेल तरच तेथील इतिहास बदलणे) हा पर्याय देऊन पुश करा, म्हणजे रिमोटवर पाठवा. मात्र आपला एडिटर पार्श्वभूमीवर आपोआप फेच करीत (रिमोटवरील नवे कमिट न मिसळता नुसते आणीत) असेल, तर या पर्यायाचे संरक्षण नकळत निकामी होते, कारण आपण न पाहिलेले इतरांचे कमिटही ‘पाहिलेले’ धरले जातात; गिटच्या २.३० या आवृत्तीपासून मिळणारा ‘फोर्स-इफ-इन्क्लुड्स’ त्यासाठी सोबत द्यावा.

पुढच्या खेपेस ज्या गोष्टी हमखास अडवतील त्यांत ‘अवर्स’ (आमचे) आणि ‘देअर्स’ (त्यांचे) या शब्दांची अदलाबदल पहिली आहे. रिबेस प्रथम नव्या पायावर जाऊन उभा राहतो आणि आपले कमिट तेथे एकेक करून लावतो; म्हणून कॉन्फ्लिक्ट (एकाच जागी दोन विसंगत बदल) आल्यावर ‘अवर्स’ म्हणजे ज्या ब्रँचवर रिबेस करतो ती समोरची ब्रँच आणि ‘देअर्स’ म्हणजे आपलेच काम. मर्जमध्ये नेमके याच्या उलट असते. मी स्वतः एकदा ‘अवर्स’ निवडून दिवसभराचे काम मोठ्या आत्मविश्वासाने पुसून टाकले होते, आणि ते रेफलॉगमुळेच परत मिळाले.

इंटरॅक्टिव्ह रिबेसची (ज्यात प्रत्येक कमिटचे काय करायचे ते आपण लिहितो) यादी जुन्याकडून नव्याकडे जाते, तर लॉग (गिट दाखवतो तो कमिटचा इतिहास) नव्याकडून जुन्याकडे. ‘स्क्वॉश’ लिहिलेला कमिट त्याच्या वरच्या ओळीत मिसळतो हे त्यामुळे विसरले जाते. यादीतील एखादी ओळ चुकून पुसली, तर तो कमिट निमूटपणे गळतो, ‘रिबेस.मिसिंगकमिट्सचेक’ या सेटिंगला ‘एरर’ हे मूल्य दिल्यास गिट तेथे थांबतो. तोच कॉन्फ्लिक्ट पुन्हा पुन्हा सोडवावा लागत असेल, तर ‘रेरेरे’ (एकदा काढलेला तोडगा लक्षात ठेवून पुन्हा वापरणारी गिटची सोय) सुरू करावे. पुश करण्यापूर्वी ‘रेंज-डिफ’ने जुना आणि नवा संच शेजारी ठेवून पाहिल्यास काय गळले आणि काय बदलले, हे तेथेच दिसते.