आधी लिही, मग नाव बघ

प्रिय मित्रा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. वेगवेगळ्या दहा सिगारचं सॅम्पलर पार्सलने आलं, तीन दिवसांत चार ओढून झाले, चारही जवळपास सारखेच लागले आणि ज्याची सगळे वाहवा करतात तोच सर्वांत कडू निघाला. शेवटी लिहिलंस, ‘बहुतेक माझ्या जिभेलाच चव कळत नाही.’ या एका वाक्यासाठी मी लिहायला बसलोय. हेच वाक्य मी पंधरा वर्षं मनात बाळगलं आणि तितकी वर्षं दुसऱ्यांच्या जिभेने चाखत राहिलो.

तुझी जीभ ठीक आहे, तू घाई केलीस. प्रवासात पार्सल कुठे तापतं, कुठे सुकतं. उरलेले सहा सिगार हवाबंद डब्यात, 65 ते 70 टक्के आर्द्रता राखणाऱ्या पुडीसोबत निदान दोन आठवडे पडू देत. ओलसर सिगार सारखा विझतो. कोरडा भराभर जळतो, धूर तापतो, आणि तापलेला धूर कडूच लागतो. घाईघाईने झुरके मारले तरी तेच होतं. मिनिटाला एक झुरका पुरे. त्या नावाजलेल्या सिगारबद्दल मी आज काही बोलणार नाही, तूही बोलू नकोस.

गरगरल्याचं लिहिलंस. रिकाम्या पोटी ओढला असशील. धूर छातीत घेतला नाही तरी निकोटीन तोंडाच्या आतल्या त्वचेतून रक्तात जातं, आणि एका मोठ्या सिगारमध्ये सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाइतका तंबाखू असू शकतो. कर्करोगाचा धोका तुला माहीत आहे, त्यावर प्रवचन देत नाही. पण मी रोज एक ओढायचो आणि त्याला ‘अभ्यास’ म्हणायचो, ती चूक तू करू नकोस. आठवड्याला एक. तोही जेवणानंतर, सोबत साधं पाणी. रोज ओढलं की चौथ्या दिवशी चव कळेनाशी होते, मग कसली तुलना?

आता मुद्द्याचं. आधी लिही, मग नाव बघ.

घरातल्या कुणाला तरी सहाही सिगारवर साधा कागद गुंडाळून एक ते सहा आकडे घालायला सांग. नाव छापलेली मूळ कागदी पट्टी ओढून काढायची नाही. कधी कधी तिचा डिंक पानाला चिकटलेला असतो, थंड असताना ओढली की रॅपर, म्हणजे सिगारचं सर्वांत बाहेरचं पान, फाटतं. वरून कागद, बस. कोणत्या आकड्यामागे कोण आहे, ते तुला सहावा संपेपर्यंत कळता कामा नये.

माझ्याकडे तेव्हाची एक जाड वही आहे. पानोपानी चामडं, कोको, देवदार. मागे एकदा ती वाचली. त्यात माझा एकही शब्द नव्हता! चामडं मी आयुष्यात चाखलेलं नाही. जे वाचलं तेच जिभेवर शोधलं, आणि शोधलं की सापडतंच. तू ‘ओला पुठ्ठा’ लिही, ‘करपलेलं दूध’ लिही, ‘काहीच नाही’ लिही. सुरुवातीच्या भागात, मधल्या भागात आणि शेवटी, अशी तीनदा नोंद कर, कारण एकच सिगार तीन वेळा बदलतो. पण तुझेच शब्द हवेत.

एका सुंदर संध्याकाळच्या भरवशावर मी 25 सिगारचा खोका मागवला होता. दुसऱ्याच सिगारला कळलं, चव त्या संध्याकाळची होती. आणि ज्या एका नावाची अकरा वर्षं तारीफ केली, तो झाकून ओढल्यावर सहांत शेवटचा आला. मी चिडलो, महिन्याभराने पुन्हा केलं, पुन्हा शेवटचा. तिसऱ्यांदाही.

आमच्या बैठकीत मी सगळ्यांच्या पट्ट्या झाकायचा आग्रह धरला, तेव्हा दोघं यायचे बंद झाले. त्यांना वाटलं मी त्यांची निवड खोटी पाडतोय. एकजण तर वीस वर्षांचा मित्र. त्याची आठवण येते. तरी आज विचारलंस तर पुन्हा झाकीन. मी त्यांना खोटं पाडत नव्हतो, आम्हाला काय आवडतं ते आम्हालाच कळावं एवढंच म्हणत होतो. यात कुणाचा अपमान आहे?

असो. अजून एक, आणि हे नीट समजून घे. तुझ्या पॅकमध्ये सगळंच वेगळं आहे. एक 42 रिंगचा, एक 60 चा. रिंग हे जाडीचं माप, एक रिंग म्हणजे इंचाचा 64वा भाग. 50 चा सिगार जवळपास 20 मिलिमीटर जाड. सिगार जाडावला की फिलरच्या, म्हणजे आत भरलेल्या पानांच्या मानाने रॅपरचा वाटा घटतो. मग ‘निकाराग्वाचा तिखट, डॉमिनिकनचा सौम्य’ असा निष्कर्ष तू काढलास, तर तो देशाबद्दल आहे, जाडीबद्दल आहे की फिलरमध्ये झाडाच्या शेंड्याकडची जड लिहेरो पानं किती भरली त्याबद्दल? सांगता येत नाही. शिवाय हे हाताने वळलेलं काम, एकाच खोक्यातले दोनही थोडे वेगळे निघतात. म्हणून सॅम्पलरवरून निकाल लावू नकोस. दोन आकडे निवड, इतकंच. मग त्या दोघांचे, एकाच मापाचे, तीन-तीन नग घे आणि पुन्हा झाकून ओढ. त्याहून चांगलं म्हणजे एकाच कारखान्याचं एकच मिश्रण, एक सावलीत वाढवलेल्या फिकट कनेटिकट पानात, दुसरं काळपट माडुरो पानात गुंडाळलेलं. फक्त पान बदललं की काय बदलतं ते तेव्हा कळेल. माडुरो काळा म्हणून कडक असेल, हेही आधी ठरवू नकोस. तो रंग बराचसा जास्त काळ आंबवण्याचा असतो.

आणि कृपा करून, ओढण्याआधी त्या सिगारला कुणी किती गुण दिलेत ते वाचू नकोस. लिहून झाल्यावर हवे तितके वाच.

दोन आठवडे थांबायचे आणि मग आठवड्याला एक, म्हणजे तुझं पुढचं पत्र दोन महिन्यांनी यावं. त्यात नावं पाठवू नकोस. फक्त आकडे आणि त्यापुढे तुझे शब्द.

तुझा,
काका