‘ही तर गोष्ट झाली, तुझं म्हणणं कुठे आहे?’

प्रश्न : आम्ही दीड वर्षापूर्वी पुण्याहून न्यू जर्सीला आलो. मुलगी आठवीत आहे, सप्टेंबरपासून हायस्कूल सुरू होईल. नववीच्या विषयांचा फॉर्म आलाय. गणित आणि सायन्सला ऑनर्सची, म्हणजे वरच्या, जास्त अवघड वर्गाची शिफारस आहे, इंग्लिशला मात्र टीचरने साधा ‘कॉलेज प्रेप’ वर्ग सुचवलाय. पुण्यात तिला इंग्रजीत कायम नव्वदच्या वर मार्क असायचे. पालकांनी लेखी मागणी केली तर ऑनर्स मिळतं म्हणे, पण त्याआधी अपेक्षांचं चार पानी पत्रक वाचून तिची आणि आमची सही लागते. ते पत्रक वाचून मीच घाबरले. ह्यांचं म्हणणं, ऑनर्स नसेल तर चांगल्या कॉलेजचं नावच काढू नका. मुलगी काहीच बोलत नाही. फॉर्म द्यायला तीन आठवडे आहेत. पत्रकाचा फोटो आणि तिचा एक निबंध सोबत जोडलाय. काय करावं?
– एक आई, न्यू जर्सी

उत्तर :

ताई, मी निबंध आधी वाचला, पत्रक नंतर. निबंध छान आहे. स्पेलिंगची एक चूक नाही, वाक्यं नीटनेटकी. वर्गात वाचलेली गोष्ट तिने पहिल्या प्रसंगापासून शेवटच्यापर्यंत क्रमाने सांगितली आहे आणि शेवटी ‘या कथेतून आपल्याला प्रामाणिकपणाचं महत्त्व समजतं’ असं लिहून हात झटकलेत. समासात टीचरने पेन्सिलीने एवढंच लिहिलंय : ही तर गोष्ट झाली, तुझं म्हणणं कुठे आहे?

तुमच्या चार पानी पत्रकाचा अर्क त्या ओळीत आहे. लेकीचं इंग्रजी कमी पडलेलं नाही. पुण्यातले नव्वद मार्क खोटे नव्हते, पण ते वेगळ्या गोष्टीचे होते. आपल्याकडे धडा नीट समजला का, हे तपासतात. कवितेचं रसग्रहणसुद्धा ठरलेल्या मुद्द्यांवर चालतं, आणि मुद्दे गाईडमध्ये असतात. इथल्या ऑनर्सच्या वर्गात धडा समजलाय हे गृहीतच धरतात. मार्क पुढच्या गोष्टीला.

पुढची गोष्ट म्हणजे काय, ते तुमच्याच पत्रकातून दाखवते. वाचनाच्या यादीत पहिलं नाव शेक्सपिअरच्या ‘रोमिओ अँड ज्युलिएट’चं आहे. इथे नववीत हे नाटक फार ठिकाणी असतं. समजा, लेकीने निबंधाची सुरुवात अशी केली : ‘दोन घराण्यांच्या वैरापायी दोन प्रेमी जिवाला मुकतात.’ वाक्य बरोबर आहे, पण त्यावर कोणी वाद घालणार नाही. ज्यावर वाद होऊ शकत नाही ते वाक्य इथे थीसिस, म्हणजे निबंधाचं मुख्य म्हणणं, म्हणून चालत नाही.

आता हे बघा : ‘या दोघांचा जीव वैराने कमी आणि मोठ्या माणसांच्या घाईने जास्त घेतला.’ लगेच कोणी तरी म्हणेल, कशावरून? मग नाटकात शिरावं लागतं. पहिल्या अंकात ज्युलिएटचा बाप मागणी घालायला आलेल्या माणसाला सांगतो, पोरीला अजून चौदावं पूर्ण नाही, दोन वर्षं थांबा. तिसऱ्या अंकात हाच बाप लग्नासाठी येणारा गुरुवार धरून मोकळा होतो. चौथ्या अंकात तोही पुढे ओढून बुधवार करतो, आणि हे लग्न टाळायला साधूने दिलेलं, मेल्यासारखी झोप आणणारं औषध पोरीला एक रात्र आधी प्यावं लागतं. सावकाश चाला, धावणारे अडखळतात, असं सांगणारा हा साधूच रोमिओ-ज्युलिएटचं लग्न त्याच दिवशी लावून देतो. एवढं सापडलं की निबंध उभा राहिला.

पण थांबा. वर्गात कोणी तरी हात वर करून म्हणेल : औषधाचा बेत कळवणारी साधूची चिठ्ठी रोमिओला मिळालीच नाही, कारण निरोप्याला साथीच्या संशयावरून एका घरात कोंडून ठेवलं होतं. त्यात घाई कुणाची? तो तर योगायोग. तुमच्या लेकीने या आक्षेपाला निबंधातच उत्तर द्यायचं असतं. आक्षेप दिसलाच नाही असं दाखवायचं नाही, आणि घाबरून मूळ म्हणणंही सोडायचं नाही. साध्या वर्गात हे केलं तर कौतुक होतं. ऑनर्समध्ये ते करायचंच असतं. फरक आहे तो एवढाच. गृहपाठाचं ओझं वगैरे नंतरची गोष्ट.

आता पत्रकातले ज्या ज्या शब्दांवर तुम्ही लाल खुणा केल्यात, ते एकेक करून.

‘ॲनोटेशन’ म्हणजे पुस्तकात पिवळा हायलायटर फिरवणं नव्हे. पानंच्या पानं पिवळी करून आणणारी मुलं मी पाहिलीत, हळदी-कुंकवाला निघाल्यासारखी. वाचताना जिथे अडलं, खटकलं, मागचं काही आठवलं, तिथे समासात चार शब्द लिहायचे. ‘हा खोटं का बोलतोय?’ ‘पान ४० वर उलटं म्हणाला होता.’ पुस्तक शाळेचं असेल तर स्टिकी नोट लावायची. सुट्टीतल्या वाचनाचं पुस्तकही असंच वाचायचं असतं, आणि सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्यावर वर्गात बसून लिहावं लागतं. ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी सारांश वाचून जाणारी मुलं तिथेच सापडतात.

रोजची पंचवीस पानं हा आकडा बघून दचकू नका. लेकीला इंग्रजी वाचनाचा वेग आहे, ते निबंधावरून कळतं. शेक्सपिअरच्या बाबतीत मात्र पंचवीस पानं दोन तास खातील. ती भाषा इथे जन्मलेल्या मुलांनाही परकी असते. तिथे सगळे एका रांगेत उभे. किंबहुना घरात एक आणि शाळेत एक भाषा बोलणाऱ्या मुलीला शब्दाकडे थबकून बघायची सवय असते, तिचा तिथे फायदाच होईल.

‘एमएलए’ ही संदर्भ देण्याची ठरलेली पद्धत आहे. कुठलं वाक्य कुठल्या पानावरून घेतलं ते कंसात लिहायचं, शेवटी पुस्तकांची यादी द्यायची. दोन दिवसांत जमतं. चिंता करण्यासारखं त्यात काही नाही.

चिंता करण्यासारखं कलम त्याच्या खालचं आहे, प्रामाणिकपणाचं. त्यावर तुम्ही खूण केलेली नाही, म्हणून जरा जास्त लिहिते. आपल्याकडे चांगलं उत्तर पाठ करून जसंच्या तसं उतरवणं हा अभ्यास समजला जातो. इथे दुसऱ्याचं वाक्य नाव न देता वापरलं, शब्द फिरवून वापरलं, किंवा एआयकडून लिहून घेतलं, की थेट शून्य आणि घरी फोन. माझा स्वतःचा मुलगा दहावीत असताना असा सापडला होता. एका वेबसाइटवरचा परिच्छेद त्याने शब्द बदलून निबंधात घातला. मी तावातावाने शाळेत गेले. ‘स्वतःच्या शब्दांत लिहिलंय की त्याने!’ टीचरने शांतपणे लॅपटॉप माझ्याकडे वळवला आणि गूगल डॉक्सची व्हर्जन हिस्टरी उघडली. मंगळवारी रात्री १० वाजून ५२ मिनिटांनी तीनशे शब्द एका झटक्यात पानावर पडले होते, आणि पुढची वीस मिनिटं चिरंजीव त्यातली विशेषणं बदलत बसले होते. मी पर्स उचलली आणि गप घरी आले. लेकीला हे आधीच सांगून ठेवा. आणि तिचा निबंध तुम्ही किंवा तिच्या बाबांनी ‘जरा नीट करून’ देऊ नका, हेही त्याच कलमात बसतं.

राहिलं बोलणं. पत्रकात ‘सोक्रॅटिक सेमिनार’ असा शब्द आहे आणि त्याला मार्क आहेत. मुलं गोल करून बसतात, टीचर बाजूला वही घेऊन बसते आणि जवळजवळ काही बोलत नाही. मुलांनीच एकमेकांना प्रश्न विचारायचे, पुस्तकातलं पान दाखवून खोडून काढायचं. आपल्या घरची मुलं इथे मार खातात, आणि ती लाजाळू असतात म्हणून नव्हे. मोठ्यांचं खोडायचं नाही, विचारल्याशिवाय बोलायचं नाही, याला आपण वळण म्हणतो, आणि वर्षानुवर्षं त्याबद्दल शाबासकी देतो. मग तीच पोर वर्गात गप्प बसली की टीचर वहीत लिहिते : सहभाग नाही. गप्प मुलीला यातून वाट आहे. दोन प्रश्न घरून लिहून न्यायचे आणि पहिल्या पाच मिनिटांत त्यातला एक विचारून टाकायचा. पहिला आवाज एकदा निघाला की पुढचं सोपं जातं. प्रश्न विचारण्यालाही मार्क असतात, उत्तर देण्यालाच असतात असं नाही.

आता तुमच्या ह्यांच्या म्हणण्याकडे येते. ऑनर्स आणि एपी (हायस्कूलमध्येच घेता येणारे कॉलेजच्या पातळीचे विषय) यात घरोघरी गल्लत होते. एपीचा अभ्यासक्रम कॉलेज बोर्ड ही देशपातळीवरची संस्था तपासते, मे महिन्यात देशभर एकच परीक्षा होते, १ ते ५ गुण मिळतात. ऑनर्सचं तसं काही नाही. ऑनर्स म्हणजे काय ते प्रत्येक शाळा किंवा डिस्ट्रिक्ट आपापलं ठरवतं. कॉलेजांना हे ठाऊक असतं, म्हणून मार्कांसोबत शाळेची माहिती देणारं पत्रक जातं आणि तुमच्या शाळेत जे उपलब्ध होतं त्यातलं तुम्ही काय घेतलं, ते बघतात.

आणि थोडं गणितही करा, घरात गणिताची भीती नसेलच. बऱ्याच शाळा वेटेड जीपीएमध्ये, म्हणजे अवघड वर्गाला जास्त वजन देऊन काढलेल्या ग्रेडच्या सरासरीत, ऑनर्सला अर्धा गुण जास्त देतात. तुमच्या शाळेत तसंच आहे असं धरा. साध्या वर्गात ए मिळाला तर ४.०. ऑनर्समध्ये बी मिळाला तर ३.० अधिक ०.५, म्हणजे ३.५. मागणी करून ऑनर्स घेतलं आणि बी आला, तर जीपीएच्या हिशोबात तोटाच झाला. ए आला, तर वर्षाच्या सात विषयांत एका विषयाचा अर्धा गुण वाढला, म्हणजे सरासरीत ०.०७. एवढ्यासाठी घरात भांडण नको. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियासारखी मोठी संस्था तर जीपीए काढताना नववीचे ग्रेड धरतच नाही, दहावी आणि अकरावीचेच धरते. नववीत साध्या वर्गात बसली म्हणून लेकीसाठी कुठलं दार बंद होत नाही. फक्त एक गोष्ट शाळेच्या काउन्सेलरला विचारा : दहावीला ऑनर्समध्ये जाता येतं का, आणि त्यासाठी नववीत काय लागतं? बहुतेक ठिकाणी वाट असते. अकरावीला एपी लँग्वेज, म्हणजे एपीचं इंग्लिश, घ्यायचं असेल तर दोन वर्षं हातात आहेत.

म्हणजे ऑनर्स घेऊ नका, असं मी म्हणतेय का? नाही. मागणीच्या फॉर्मवर तुम्ही दोघांनी ठरवून सही करू नका, असं म्हणतेय. तुमच्या पत्रात टीचरचं मत आहे, ह्यांचं आहे, तुमची भीती आहे. लेकीबद्दल एकच वाक्य आहे, ‘काहीच बोलत नाही.’ ज्या वर्गाचे मार्क स्वतःचं मत मांडण्याला आहेत, त्या वर्गात तिने जावं की नाही याचं मत तिच्याकडूनच आलेलं नाही, हे मला पत्रकातल्या कुठल्याही अटीपेक्षा जास्त खटकलं.

तीन आठवडे आहेत ना? मग त्यांचा उपयोग करा. लायब्ररीतून ‘रोमिओ अँड ज्युलिएट’ आणा, शेजारच्या पानावर सोप्या इंग्रजीत अर्थ दिलेली प्रत मागा. पहिले दोन अंक तिने वाचायचे, समासात प्रश्न लिहायचे. रात्री जेवताना तुम्ही मुद्दाम चुकीचं काही तरी बोला. ‘त्या बिचाऱ्या बापाची काय चूक?’ म्हणा. मराठीतच बोला. तिला मुद्दा सुचला की इंग्रजीत लिहिणं तिच्या हातचा मळ आहे. ती चिडून ‘आई, असं नाहीये, तू वाचलंच नाहीस’ म्हणाली, तर तिला उद्धट म्हणू नका. उठून पुस्तक आणून पान दाखवलंन, तर माझ्या मते तिला ऑनर्स झेपेल. दोन अंक वाचून कंटाळली, तर नववी साध्या वर्गात जाऊ द्या, त्यात कमीपणा काही नाही. तिथेही चांगला टीचर भेटला तर सोनं होतं.

आणि तो जोडलेला निबंध तिला परत लिहायला सांगा. गोष्ट सांगायची नाही, फक्त एक म्हणणं आणि त्याच्यासाठी दोन पुरावे, एका पानात. मग टीचरला मेल : ‘तुम्ही माझ्या निबंधावर शेरा लिहिला होता. मी तो पुन्हा लिहिला आहे. शाळा सुटल्यावर दहा मिनिटं बघाल का? आणि मला ऑनर्ससाठी काय कमी पडतं ते सांगाल का?’ टीचरने आपली शिफारस स्वतःहून बदललेली मी पाहिली आहे, पण पालकांच्या पत्रावरून क्वचित. मेल लेकीनेच लिहायचा, तिच्याच खात्यावरून पाठवायचा. सीसीमध्ये तुम्हीसुद्धा नको.