‘मॅडम, पोरगं हातातून गेलं का?’

पोराने डॉक्टरांना सांगितलं, जिन्यावरून पडलो. एक्स-रेत करंगळीच्या मुळाशी हाड मोडलेलं. पडणारा माणूस तळहात टेकतो. हे हाड बहुतेक वेळा आवळलेली मूठ कशावर तरी आपटल्यावर मोडतं. मारामारी म्हटलं की कॅज्युअल्टीत एमएलसी, म्हणजे मेडिको-लीगल केस होते, पोलिसांना कळवावं लागतं. त्या भीतीने पोरं ‘पडलो’ म्हणतात. डॉक्टरांनी मला पोराशी बोलायला बोलावलं ते म्हणून. (ओळख पटू नये इतके तपशील बदललेत.)

आई विडी कामगार, राहायला सोलापूरच्या पूर्व भागात. बाप यंत्रमागावर रातपाळीला. बोलताना ती केसपेपरचा कोपरा बोटांत वळत होती, उलगडत होती, पुन्हा वळत होती. दिवसाला हजार विड्या वळणारी बोटं, गप्प कशी बसतील? घरात तेलुगू, माझ्याशी मराठी. तिचा प्रश्न एकच, “मॅडम, पोरगं हातातून गेलं का? गुंड होणार का हा?”

हा प्रश्न मला महिन्यातून चारदा तरी ऐकू येतो. एका भांडणावरून कोणी गुंड होत नाही, हे मी तिला ठामपणे सांगितलं. घरीदारी, शाळेत, सगळीकडे महिनोन्‌महिने हेच चालू असेल, मुक्या जनावरांना छळत असेल, खिशात चाकू ठेवत असेल, तर मात्र थांबू नका, मनोविकारतज्ज्ञाला दाखवा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर रात्रीही लागतो.

पण त्या रात्री मला घोर वेगळाच होता. पोराचा फोन सारखा थरथरत होता. आईला चहाला पाठवलं. ‘का मारलंस’ विचारलं नाही. ते त्याला दिवसभर सगळ्यांनी विचारलं होतं. विचारलं, “आज रात्री काय करणार आहेस?”

बराच वेळ गप्प. मग, “ते येणारेत. त्याच्या आत मीच जाणार.”

भांडण स्टेटसवरून झालेलं, पण आता पोरगं रागावलेलं कमी आणि घाबरलेलं जास्त होतं. माझ्या अनुभवात दुसऱ्यांदा टाके घालायला येणारी पोरं बहुतेक अशीच असतात. एमएलसी झालीच. पोराला तीन दिवस अक्कलकोटला मावशीकडे पाठवलं. फोन आईकडे, त्यावर तो चिडला, मीही थोडी कडक झाले. वर्गशिक्षकांनी दोन्हीकडच्या पालकांना समोरासमोर बसवलं. बाप आला तो थेट पाळीवरून, केसांत सुताची तुसं तशीच. आल्या आल्या पोरावर हात उगारला. मी म्हटलं, “दादा, हे घरात शिकला तर बाहेर करणारच ना?” त्यांना आवडलं नाही. पण हात खाली आला.

चार आठवड्यांनी प्लास्टर निघालं. “तो भेटला का?”

“शाळेत रोज दिसतो की.”

“बोललास?”

“नाही ओ मॅडम. नुसती मान हलवली.”