बाहेरून आलेला माणूस आणि मोठं होणारं मूल

मूल मोठं होण्याची गोष्ट सांगणाऱ्या कादंबरीत बाहेरून आलेलं एखादं पात्र बहुधा असतंच. माडीवरचा भाडेकरू, बदलीवर आलेले मास्तर, गल्लीत कुणीच घरी न बोलावणारा म्हातारा. कादंबरी लिहायला घेतलेल्या वाचकांची पत्रं इंदूर, ग्वाल्हेर, देवास आणि बडोद्याहून आली आहेत आणि बऱ्याच जणांचं घोडं याच पात्रापाशी अडलंय. त्यातल्या काही प्रश्नांना इथे उत्तरं देत आहोत.

प्रश्न : माझी कादंबरी १९८४च्या इंदुरात घडते. रामबागेतला वाडा, बारा वर्षांची मुलगी आणि माडीवर भाड्याने राहणारे सरदारजी. त्यांचं मोटारपार्टचं दुकान आहे. ते मुलीला सायकल शिकवतात, पंजाबच्या गोष्टी सांगतात, कधी रागावत नाहीत. ऑक्टोबरअखेर दंगल होते, सरदारजी घर सोडून जातात, तिथे कादंबरी संपते. ज्यांना वाचून दाखवली ते म्हणतात, बाकी सगळं पटतं, सरदारजी पटत नाहीत. (वाचक, इंदूर)

उत्तर : तुमच्या सरदारजींना मुलीखेरीज दुसरं कामच नाही. तिला वेळ असतो तेव्हा त्यांनाही असतो, ती विचारते तेव्हा उत्तर तयार असतं. दुकान चालवणाऱ्या माणसाला इतकी फुरसत कुठून? म्हणून ऐकणाऱ्याला ते पटत नाहीत.

आधी त्यांच्यामागे त्यांची स्वतःची एक कटकट लावा. उधारी वसूल होत नाही, भागीदाराशी पटत नाही, वाड्याचं भाडं दोन महिने थकलंय, यातलं काहीही चालेल. मग कादंबरीबाहेर, वेगळ्या कागदावर, त्यांच्या एका दिवसाची तीन पानं लिहा. सकाळी शटर वर करण्यापासून रात्री गल्ला मोजण्यापर्यंत. मुलगी या पानांत कुठेही येता कामा नये. ही पानं छापायची नाहीत. पण ती लिहून झाल्यावर सायकलचा प्रसंग परत लिहायला बसा, म्हणजे सरदारजींचा एक हात सीटवर असेल आणि नजर घड्याळावर. गिऱ्हाईक हाक मारेल, ते हात सोडून जातील, मुलगी पडेल आणि त्यांच्यावर चिडेल. ती चिडली की दोघांमधलं नातं खरं वाटू लागेल.

त्यांना एक दोषही द्या. विसरभोळेपणा किंवा घोरणं असले लाडके दोष इथे कामाचे नाहीत. मुलीला ज्याची झळ लागेल असा दोष हवा. तिने विश्वासाने सांगितलेली गोष्ट त्यांनी सहज तिच्या बाबांना सांगून टाकली, एवढं पुरे.

आता मुख्य मुद्दा. सरदारजी येण्याने घरातलं काय उघडं पडलं? बाहेरच्या माणसाला कादंबरीत आणायचं ते यासाठी. मुलीला सरदारजी कळले नाहीत तरी चालेल, तिला तिची आजी आणि बाबा कळायला हवेत. आजी माडीवर चहा पाठवते तो कायम कान तुटलेल्या कपातून. मुलीने तो कप शंभरदा वर नेलाय, पण तो फडताळात वेगळ्या खणात असतो, हे तिच्या लक्षात आलेलं नाही. ते कधी येईल? एकदा ती चुकून घरातला कप घेते आणि आजी काही न बोलता तिच्या हातातून तो काढून घेते, तेव्हा. या प्रसंगात सरदारजी दिसतसुद्धा नाहीत, तरी तो त्यांचाच प्रसंग आहे.

दंगलीची तीन प्रकरणं तुम्ही वर्तमानपत्रासारखी लिहिली आहेत. ३१ ऑक्टोबर १९८४, बुधवार. दिवाळी होऊन जेमतेम आठवडा झालेला, फराळाचे डबे तळाला लागलेले. इंदिरा गांधींच्या हत्येची बातमी येते आणि मग शहर पेटतं. राजवाड्यालाही त्या दंगलीत आग लागली. वाचकाला हे ठाऊक आहे, पण बारा वर्षांच्या मुलीला त्यातलं किती कळेल? शाळा बंद, रेडिओला चिकटलेली मोठी माणसं, दाराला लावलेला अडसर आणि आपण खोलीत शिरताच थांबणारं बोलणं. तेवढंच ठेवा आणि तीन प्रकरणांचं एक करा.

त्या एका प्रकरणात बाबांच्या हातून एक कृती घडू द्या. जिन्याच्या तोंडाशी सरदारजींच्या नावाची पितळी पाटी आहे, असं धरू. बाबा ती रात्री काढतायत आणि मुलीच्या हातात कंदील आहे. चार स्क्रू. तीन निघतात, चौथा गंजलेला, फिरता फिरत नाही. बाबा पेचकस टाकतात, पाटी वाकवून उपटतात आणि भिंतीचा चुना खाली सांडतो. पाटी काढली ती सरदारजींना वाचवायला की वाडा वाचवायला? हे बाबांनाही नीट सांगता येणार नाही. तुम्ही सांगू नका, मुलीलाही विचारायला लावू नका. सकाळी तिला भिंतीवर पाटीएवढी कोरी जागा दिसेल, इतकं लिहिलं की काम झालं.

शेवटाबद्दल. सरदारजींचा ट्रक निघाला आणि कादंबरी संपली, असं करू नका. मुलगी मोठी झाली हे ते गेल्यानंतर दिसणार, म्हणून त्यापुढे निदान दोन प्रकरणं हवीत. त्यांच्या जाण्यात काहीतरी देणंघेणं बाकी ठेवा. आगाऊ दिलेलं भाडं बाबांनी परत केलं की नाही? मुलीने ते विचारण्याचं धाडस केलं, तर त्या प्रश्नात तिचं वय वाढलेलं दिसेल.

हे सगळं डोक्यात ठेवू नका, वहीत पाच रकाने आखा : प्रसंग कुठला, मुलीचं वय किती, तिला काय कळतं, वाचकाला काय कळतं, घरातलं काय हललं. पाचवा रकाना रिकामा राहील ते प्रसंग काढून टाका, कितीही आवडते असले तरी. साठ हजार शब्दांच्या कादंबरीत अशा पात्राला आठ-नऊ प्रसंग पुरतात, त्यातले दोन तरी बिनसंवादाचे असावेत. आणि माणूस समोर येण्याआधी त्याचं नाव, सामान किंवा त्याच्याविषयीचं कुजबुजणं घरात येऊ द्या.

प्रश्न : १९५२ ते १९६० या काळातलं बडोदं. दांडिया बाजारातलं मराठी घर, नायिका आठ वर्षांची असते ती सोळाची होते. ललितकला शाखेत शिकणारा केरळचा विद्यार्थी माडीवर राहायला येतो. पण हे घरच गुजराती शहरात बाहेरचं आहे. मग बाहेरचा माणूस नक्की कोण समजायचा? (वाचक, बडोदे)

उत्तर : हा गोंधळ सोडवू नका, तुमची कादंबरी त्याच्यावरच उभी आहे. गायकवाडांच्या राज्यात अठराव्या शतकापासून नांदलेली घरं. संस्थान १ मे १९४९ला मुंबई राज्यात विलीन झालं, त्याच वर्षी महाराजा सयाजीराव विद्यापीठ सुरू झालं, पुढच्या वर्षी ललितकला शाखा. आणि १ मे १९६०ला गुजरात वेगळा झाला. तुमच्या नायिकेचं घर जागचं हललं नाही, राज्य मात्र तिच्या आजोबांच्या हयातीत दोनदा बदललं. ती तारीख रविवारची आहे. त्या रविवारी घरात भाषण होऊ देऊ नका. दुपारची जेवणं उशिरा होतात आणि सरकारी नोकरीतल्या काकांनी मुंबई धरायची की नव्या राजधानीत, अहमदाबादेत जायचं, यावर दोन भाऊ आवाज खाली ठेवून भांडतात. बस.

बाहेरचेपण पात्राला चिकटवून ठेवू नका, ते प्रसंगागणिक ठरवा. वर सांगितलेल्या वहीत सहावा रकाना आखा : ‘तू आमच्यातला नाहीस’ म्हणण्याची ताकद या प्रसंगात कुणाकडे आहे? स्वयंपाकघरात ती आजीकडे आहे आणि विद्यार्थी उंबऱ्याबाहेर उभा आहे. मांडवीच्या बाजारात आजोबा संस्थानी रुबाबात बोलतात आणि दुकानदार नुसता मान हलवतो. पुण्याच्या लग्नात मावश्या नायिकेच्या बोलण्याला हसतात, तेव्हा ती स्वतःच उंबऱ्याबाहेर जाते. ही ताकद निदान तीनदा हात बदलली पाहिजे. तुमच्या आराखड्यात ती सतत आजीकडेच आहे, म्हणून मधली शंभर पानं एकाच सुरात जातात.

विद्यार्थी चित्रं काढतो, याचा तुम्ही फारच कमी उपयोग केलाय. तो आजीचं पाठमोरं रेखाटन करतो, चुलीपुढे पाटावर बसलेली. नायिका म्हणते, ‘आजी एवढी वाकलेली नाही.’ तो वाद घालत नाही, कागद तिच्याकडे देतो. ती खाली जाऊन बघते. आजी तेवढीच वाकलेली आहे. आठ वर्षं रोज पाहिलेली आजी तिला त्या दिवशी पहिल्यांदा दिसते. हा प्रसंग कादंबरीच्या पहिल्या एक-तृतीयांश भागात घ्या. पुढे नायिका काय काय बघायला शिकते, त्याची सुरुवात इथून होते.

त्याच्या बोलण्याची टिंगल नको. मोडकं मराठी पानोपानी लिहिलं की वाचकाला माणूस दिसेनासा होतो. सुरुवातीला दोन-तीन चुका, मग साधं, तोकड्या वाक्यांचं मराठी. चित्राविषयी बोलताना मात्र तो नेमका आणि थोडा उर्मट असू दे. आणि शेवटाकडे नायिका त्याच्या प्रेमात पडते, तो भाग आम्ही गाळला असता. तो आला की वाचक आधीची सगळी पानं त्याच चष्म्यातून वाचतो.

प्रश्न : बाहेरचं पात्र घरातलंच चालेल का? माझ्या कादंबरीत नवऱ्याचं घर सोडून आलेली आत्या आहे. (वाचक, लष्कर, ग्वाल्हेर)

उत्तर : चालेल. फक्त तिला घर नव्याने दिसणार नाही, कारण ते तिला पाठ आहे. तिचं बाहेरचेपण घरावरच्या हक्काबाबतचं आहे, म्हणून ते वस्तूंतून दाखवा. तिची ट्रंक कुठल्या खोलीत ठेवली? अंथरूण रोज कुणाच्या शेजारी पडतं? रेशनकार्डावर नाव चढवायला तिचा भाऊ किती महिने टाळाटाळ करतो? मुलाला एवढं दिसलं की पुरे. अशा कादंबऱ्या फसतात त्या बहुतेक एकाच जागी : आत्या एका रात्री पुतण्याला जवळ बसवून सगळी हकीकत सांगते. दहा वर्षांच्या पोराला कुठलीही आत्या असं सांगत नाही. त्याला दाराआडून अर्धवट ऐकू येऊ द्या, उरलेलं वाचक जुळवतो.

प्रश्न : निवेदन मुलाच्या तोंडी आहे, पण लिहिताना माझी मोठ्या माणसाची समज आत शिरते. कशी रोखायची? (वाचक, इंदूर)

उत्तर : सगळी रोखू नका. ‘मी’ आज किती वर्षांचा होऊन सांगतोय, हे पहिल्या प्रकरणाआधी ठरवा आणि वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवा. मग कच्च्या खर्ड्यातली ‘नंतर कळलं’, ‘आता वाटतं’ या जातीची वाक्यं लाल पेन्सिलीने खुणा. सबंध पुस्तकात तीन-चार ठेवा, बाकी खोडा.

बाहेरच्या माणसाबद्दल लिहिताना ही गळती सर्वांत जास्त होते, कारण आपल्याला त्याची बाजू घ्यायची घाई असते. ‘मास्तर आतून फार एकटे होते’ हे मुलाचं वाक्य नव्हे. ‘मास्तर एका माणसाचा चहा करायचे आणि भांडं दोघांचं घ्यायचे’ हे मुलाला दिसू शकतं. मुलाला हात दिसतात, पैसे दिसतात, आवाज चढला की कळतं. हेतू त्याला कळत नाहीत, आणि कळले असं वाटलं तर ते चुकीचे कळतात. ती चूक जपा. तिच्यापायी तो त्या माणसाशी एकदा तरी अन्यायाने वागू दे.

प्रश्न : शेवटी या माणसाला मारावंच लागतं का? (वाचक, देवास)

उत्तर : नाही. मृत्यूने मुलाची सुटका होते, त्याला काही ठरवावं लागत नाही. तो माणूस गावातच राहिला आणि मुलगा त्याला पाहून रस्त्याच्या पलीकडे गेला, तर पुढचं प्रकरण लिहिणं तुम्हाला भाग पडतं. तेच आधी लिहून पाहा. ते जमलं नाही तर मृत्यूचा विचार करा, आणि तेव्हाही तो शेवटच्या प्रकरणात नको, निदान चाळीस पानं आधी घ्या.