'हेल्पर'चा अनुभव बायोडेटात कसा मांडावा?

प्रश्न : माझे शिक्षण दहावीपर्यंत झाले असून आयटीआय केलेले नाही. उद्यमबागेतील एका फाउंड्रीत ४ वर्षे फेटलिंगला (ओतीव भाग घासून साफ करण्याच्या कामाला) आणि ३ वर्षे स्टोअरमध्ये हेल्पर होतो. आता बेळगावात किंवा कागलच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत गोदामाच्या नोकरीसाठी अर्ज करायचा आहे. बायोडेटात 'हेल्पर'शिवाय काय लिहावे? वडिलांच्या आजारपणात ८ महिने घरी होतो, ते लिहावे का?
— एक वाचक, ता. खानापूर

उत्तर : स्टोअरमधली ३ वर्षे सर्वांत वर घ्या, आणि हुद्द्याखाली तिथले रोजचे काम लिहा. फाउंड्रीच्या स्टोअरमध्ये बेंटोनाइटची पोती येतात, फेरोसिलिकॉन येते, ग्राइंडिंग व्हील येतात. ती उतरवून घेताना माल चलनाशी ताडून पाहणे, वजन करणे, आवक नोंदवणे, बिन कार्डावर (त्या-त्या वस्तूच्या साठ्याच्या नोंदपत्रावर) शिल्लक उतरवणे आणि जुना साठा आधी देणे, हेच काम गोदामातही असते. यांतले जे स्वतः केले तेवढेच, पण आकड्यांसह लिहा : "रोज सरासरी ६ गाड्यांचा माल उतरवून चलनाशी ताडला, महिनाअखेरीस ४०० वस्तूंची मोजणी केली." आकडे अर्थातच तुमचे असावेत. 'मेहनती', 'प्रामाणिक' हे शब्द प्रत्येक अर्जात असल्यामुळे वाचणाऱ्याची नजर त्यांवर थांबत नाही. फोर्कलिफ्ट नुसती पाहिली असेल तर लिहू नका, कारण मुलाखतीच्या दिवशीच चालवून दाखवायला सांगू शकतात. हँड पॅलेट ट्रक ओढला असेल तर मात्र जरूर लिहा.

फेटलिंगची ४ वर्षे गाळू नका. कास्टिंगवरचा (ओतीव भागावरचा) ब्लोहोल, म्हणजे वायूमुळे राहिलेले छिद्र, किंवा तडा ओळखणारा माणूस सुट्या भागांच्या गोदामात उपयोगी पडतो, म्हणून त्यावर दोन ओळी असू द्या.

आपल्या भागात एक अडचण नेहमी येते. काम कारखान्यात, पण हजेरी व पीएफ कंत्राटदाराच्या नावावर. तसे असेल तर दोन्ही नावे लिहा आणि रुजू झाल्याच्या व सोडल्याच्या तारखा पीएफच्या नोंदीशी जुळवून घ्या. यूएएन या पीएफच्या १२ आकडी कायम क्रमांकावरून त्या तपासल्या जातात आणि तिथे तफावत दिसली की खऱ्या अनुभवावरही शंका घेतली जाते.

बायोडेटा इंग्रजीत, एका पानाचा पुरे. शिक्षणापुढे 'एसएसएलसी (दहावी), कर्नाटक बोर्ड' असे पूर्ण लिहा, म्हणजे कागलला कोणाला विचारावे लागणार नाही. मराठी, कन्नड आणि हिंदी यांपैकी कोणती भाषा बोलता येते व कोणती वाचता येते, हे वेगवेगळे सांगा. हुबळीहून आलेल्या गाडीचे कन्नड चलन वाचणारा आणि कोल्हापूरच्या चालकाशी मराठीत बोलणारा माणूस या पट्ट्यातील गोदामाला हवाच असतो, आणि ही गोष्ट आपली मुले अर्जात लिहायचीच विसरतात याचे मला फार वाईट वाटते.

त्या ८ महिन्यांसाठी 'वडिलांच्या आजारपणामुळे घरी' एवढी एक ओळ, महिना-वर्षासह, पुरेशी आहे.